श्वासांचा पहारा

हिजरी १०६७ चा रमजान, म्हणजे १६५७ सालचा उन्हाळा. दिल्लीत यमुनेच्या काठी, निगमबोध घाटाजवळच्या आपल्या हवेलीत शहाजहान बादशहाचा थोरला मुलगा दारा शिकोह एका मोठ्या कामाचे शेवटचे कागद तपासत होता. काशीहून बोलावलेले पंडित आणि संन्यासी सहा महिने त्या हवेलीत बसून उपनिषदांचा अर्थ सांगत होते आणि त्यांचे शब्द फारसीत उतरत होते. पन्नास उपनिषदांचे हे भाषांतर रमजानच्या अखेरच्या दिवसांत पूर्ण झाले. शहजाद्याने त्याला नाव दिले ‘सिर्र-ए-अकबर’, सर्वांत मोठे रहस्य.

त्यानंतरचे दोन रमजान त्याच्या वाट्याला कसे आले ते पुढे येईलच. आधी हा माणूस त्या हवेलीपर्यंत कसा पोचला, ते पाहायला हवे. दारा शिकोह म्हटले की लोकांना गादीसाठीची लढाई आठवते, औरंगजेब आठवतो, फार तर उपनिषदांचे भाषांतर आठवते. त्याने आयुष्यातली जवळजवळ वीस वर्षे श्वास या एका गोष्टीचा माग काढण्यात घालवली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. वास्तविक उपनिषदांकडे तो गेला तो याच वाटेने.

त्याचा जन्म २० मार्च १६१५ चा, अजमेरचा. शहाजहान तेव्हा शहजादा खुर्रम होता. मुलीच झाल्या होत्या म्हणून मुलगा व्हावा यासाठी त्याने ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात दुआ मागितली आणि त्यानंतर मुमताज महलच्या पोटी दारा जन्मला. हे दाराने स्वतःच लिहून ठेवले आहे. औलियाच्या उंबरठ्यावरून आपण आलो, ही भावना त्याच्या मनात शेवटपर्यंत होती. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरच्या छावणीत बाळंतपणात आई गेली, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. दोन वर्षांनी चुलतबहीण नादिरा बेगमशी त्याचा निकाह झाला. शहजाद्यांचे जनानखाने मोठे असत. दाराने मात्र नादिराखेरीज दुसरा निकाह केला नाही. तिला भेट दिलेला चित्रांचा आणि सुलेखनाचा एक मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

१६३४ मध्ये बादशहाचा लवाजमा लाहोरकडे निघाला होता. वाटेतच दारा आणि नादिराची पहिली मुलगी, काही महिन्यांची तान्ही पोर, दगावली. एकोणीस वर्षांचा बाप अंथरुणाला खिळला. महिने गेले, हकिमांचे उपाय थकले. अखेर शहाजहान मुलाला घेऊन लाहोरमधल्या एका फकिराच्या दारी गेला.

त्या फकिराचे नाव हजरत मियाँ मीर. मूळचे सिंधमधल्या सेहवानचे, कादरी सिलसिल्याचे, वय ऐंशीच्या आसपास. राजेरजवाड्यांपासून ते चार हात लांब राहत, नजराणे परत पाठवत, मुरीद करून घ्यायला सहसा राजी होत नसत. दिवस शहराबाहेरच्या बागेत, झाडाखाली एकांतात घालवत आणि रात्री खोलीचे दार लावून बसत. अमृतसरच्या हरमंदिर साहिबची पायाभरणी गुरू अर्जन देवांनी त्यांच्या हातून करवली, अशी शीख समाजात परंपरा आहे. इतिहासकारांत त्याबद्दल मतभेद आहेत. पण अशी आठवण दोन्ही समाजांनी जपावी, यावरून त्या फकिराचे मोठेपण कळते.

मियाँ मीरांनी दाराचा हात हातात घेतला, आपल्या पाणी पिण्याच्या मातीच्या भांड्यात पाणी भरले, त्यावर दुआ पढून फुंकर घातली आणि ते त्याला प्यायला दिले. आठवड्याभरात दारा उठून बसला. पाण्यावर पढून फुंकर मारणे आपल्याकडच्या घराघरांत आजही चालते आणि शिकल्या-सवरलेल्या माणसाला त्याचे हसू येते. त्याला गुण कशाने आला, हा वाद इथे नको. त्या दिवसापासून फुंकर, दम, श्वास या गोष्टी त्या तरुणाच्या मनात घर करून बसल्या, एवढे खरे.

पुढच्या भेटीला तो अनवाणी गेला. मियाँ मीर वरच्या खोलीत बसून लवंगा चघळत होते आणि चोथा बाजूला टाकत होते. दरबारी मंडळींनी नाके मुरडली असतील. दाराने तो चोथा वेचून तोंडात टाकला. हिंदुस्तानच्या तख्ताच्या वारसाने हे करावे! अदब आणि वेड यांच्यातली रेघ इथे पुसट होते. पण तो माणूस असाच होता, जे करायचे ते पुरते करणारा.

१६३५ मध्ये मियाँ मीरांचा इन्तेकाल झाला. त्यांचे खलिफा मुल्ला शाह बदख्शी काश्मिरात राहत. १६४० च्या सुमारास दारा श्रीनगरला गेला, तेव्हा मुल्ला शाहांनी आधी त्याला दारात उभे केले नाही. राजपुत्राचा नाद फकिराला परवडत नाही, हे त्यांना कळत होते. दाराने चिकाटी सोडली नाही. थोरली बहीण जहाँआरा हीही त्याच काळात मुल्ला शाहांची मुरीद झाली. तिने त्यावर एक पुस्तिका लिहिली आहे. भावा-बहिणीच्या त्या वाटचालीवर स्वतंत्र लेख होईल.

मुल्ला शाहांनी दाराला जे शिकवले त्यात एक मोठा भाग होता ‘हब्स-ए-दम’चा, म्हणजे श्वास रोखून जिक्र करण्याचा.

अरबीत श्वासाला ‘नफस’ म्हणतात आणि जीवाला, मी-पणाला ‘नफ्स’. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. ‘रूह’ म्हणजे आत्मा आणि ‘रीह’ म्हणजे वारा, हीसुद्धा एकाच घरची भावंडे. आदमचा मातीचा पुतळा अल्लाहने आपल्या रूहमधून फुंकर घातल्यावर जिवंत झाला, असे कुरआनात सांगितले आहे. सूफींनी याचा सरळ अर्थ घेतला. ज्या दाराने रूह आत आली, त्याच दारावर बसून तिची वाट पाहावी. नक्शबंदी सिलसिल्यात याला ‘होश दर दम’ म्हणतात, दर श्वासाला जागे राहणे. (औरंगाबादची पाणचक्की ज्या बाबा शाह मुसाफिरांच्या खानकाहची, ते याच सिलसिल्याचे.) चिश्ती आणि इतर सूफी ‘पास-ए-अनफास’ म्हणतात, शब्दशः अर्थ, श्वासांचा पहारा. चोर रात्री शिरतो तसा गाफिलपणा दोन श्वासांच्या मधल्या फटीतून शिरतो, म्हणून त्या फटीवर चौकी बसवायची.

आणि हा शोध दाराच्या आधी सुरू झालेला होता. त्याच्या शंभर वर्षे आधी शत्तारी सिलसिल्याच्या शेख मुहम्मद गौस ग्वाल्हेरी यांनी ‘अमृतकुंड’ या योगावरच्या ग्रंथाचा ‘बहर-उल-हयात’ हा फारसी अवतार तयार केला होता. त्यात आसने आहेत, श्वासाचे प्रकार आहेत. नाथपंथी जोगी आणि सूफी दर्वेश एकमेकांच्या धुनीशेजारी बसत होते. त्यांना एकमेकांचे शब्द परके नव्हते.

दाराने आपला अनुभव १६४६ च्या सुमारास ‘रिसाला-ए-हकनुमा’ या छोट्या पुस्तकात उतरवला. छोटे म्हणजे खरेच छोटे. सत्तेच्या खटपटीत असलेल्या शहजाद्याकडून ते यावे, याचे नवल वाटते. त्यात नासूत, मलकूत, जबरूत आणि लाहूत या चार लोकांमधून साधक कसा वर जातो ते आहे. नासूत हा डोळ्यांना दिसणारा लोक, लाहूत हा एकत्वाचा. तीन हृदयांचे वर्णन आहे. एक डाव्या छातीखाली, देवदारच्या बोंडासारखे. एक मेंदूत, गोल. आणि एक खाली, शरीराच्या बैठकीपाशी, कमळाच्या आकाराचे. ज्यांनी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ऐकला आहे त्यांना ते कमळ कुठून आले हे सांगावे लागणार नाही.

मग येते श्वासाची रीत. एकांताची जागा निवडायची. बसून दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकायची. अंगठ्यांनी कान बंद, मग बोटांनी डोळे, नाकपुड्या आणि ओठ. श्वास आत घेऊन रोखायचा आणि त्या रोखलेल्या श्वासात मनातल्या मनात जिक्र फिरवायचा. न झेपेल इतका वेळ नाही. झेपेल तेवढाच, मग हळूच सोडायचा. योगाच्या पुस्तकांत हिला षण्मुखी मुद्रा म्हणतात. मियाँ मीर आणि मुल्ला शाह सगळी रात्र मोजक्या श्वासांत काढत, असे दाराने लिहिले आहे. ते शब्दशः घ्यायचे की मुरीदाचे प्रेम म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र वाचून घरी करून पाहण्यासारखी ही गोष्ट नव्हे. दाराच्या काळातही ती पीरासमोर बसूनच शिकली जाई.

बोटांनी कान बंद केले की आत एक आवाज ऐकू येतो. हे कुणालाही येते. लहान मुले शंख कानाला लावून तेच ऐकतात. दारा सांगतो, आधी तो मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा असतो, मोठ्या देगेत पाणी उकळावे तसा असतो. रोज ऐकत राहिले की तो बाजारात, गर्दीतही सुटत नाही. या साधनेला त्याने ‘सुलतान-उल-अजकार’ म्हटले, सगळ्या जिक्रांचा राजा. हजरत पैगंबर हिराच्या गुहेत याच साधनेत असत, असे त्याचे म्हणणे होते. उलेमांपैकी अनेकांना ते मान्य होण्यासारखे नव्हते.

पुढे १६५५ मध्ये त्याने ‘मजमा-उल-बहरैन’ लिहिले. नावाचा अर्थ दोन समुद्रांचा संगम. सूफी आणि वेदान्ती एकाच गोष्टीला कोणकोणत्या नावांनी हाक मारतात, याची ती जुळणी. काही जोड्या ओढूनताणून आणलेल्या वाटतात. ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजे जिब्रईल, मिकाईल आणि इस्राफिल, हे पटवून घ्यायला बरीच खटपट करावी लागते. श्वासाच्या जागी मात्र जुळणी चपखल बसते. हिंदूंच्या साधनांमध्ये ‘अजपा’ त्याला सर्वांत श्रेष्ठ वाटला. जपणाऱ्याने न जपलेला हा जप. झोपेत, जागेपणी, इच्छा असो नसो, प्रत्येक जीव श्वासाच्या ये-जा बरोबर दोन शब्द उच्चारत असतो, ‘सो’ आणि ‘हं’, म्हणजे तो मी आहे. सूफी त्याच दोन श्वासांत ‘हू’ आणि ‘अल्लाह’ ऐकतात. माळ लागत नाही, जागा लागत नाही, भाषाही लागत नाही. फक्त लक्ष लागते, आणि तेच माणसाजवळ नसते. कानातल्या त्या आवाजाचीही त्याने इथे जोड लावली: योग्यांचा अनाहत नाद तोच सूफींचा सुलतान-उल-अजकार.

या सगळ्या कामात दख्खनच्या मातीचाही हात लागलेला आहे. काशीचे मोठे विद्वान कवींद्राचार्य सरस्वती मूळचे गोदावरीकाठचे. प्रयाग आणि काशीच्या यात्रेवरचा कर त्यांनी शहाजहानकडून माफ करवून घेतला होता आणि दरबारात त्यांना मान होता. दाराच्या पदरी असलेला एक पंडित पुढे फ्रेंच प्रवासी बर्निये याच्या सोबत राहिला. तो कवींद्राचार्यच असावा, असे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी मांडले. उपनिषदांतल्या प्राणाच्या गोष्टी दारापुढे उलगडणाऱ्यांत कोण कोण होते, याची यादी मिळत नाही. डोळा गेला तरी माणूस जगतो, वाणी गेली तरी जगतो, पण प्राण उठून निघाला की सगळी इंद्रिये घाबरी होऊन त्याला थांबवतात, ही छांदोग्यातली कथा त्या हवेलीत फारसीत उतरली. हब्स-ए-दम करणाऱ्या माणसाने ती ऐकली तेव्हा त्याला ती परक्या घरची वाटली नसेल.

उपनिषदे वाचून दारा एका ठाम मतावर आला. कुरआनात ज्या लपवून ठेवलेल्या ग्रंथाचा उल्लेख आहे तो म्हणजे हीच उपनिषदे, असे त्याने प्रस्तावनेत लिहिले. हे मत त्याच्या विरोधकांच्या हातात आयते कोलीत ठरले.

त्याच्या बाजूने लिहिणारे बहुतेक जण इथे त्याचा संत करून टाकतात. तसे करणे बरोबर नाही. श्वासावर पहारा बसवणाऱ्या या माणसाचा जिभेवर पहारा नव्हता. दरबारातल्या जुन्या, अनुभवी सरदारांची तो टिंगल करी, आणि वेळ आली तेव्हा त्यातले कितीतरी त्याला सोडून गेले. १६५३ मध्ये तो कंदाहार जिंकायला गेला तो तोफांबरोबर मांत्रिक आणि साधूंनाही घेऊन. त्या मोहिमेच्या वृत्तांतात या मंडळींच्या करामतींचे वर्णन वाचताना हसावे की रडावे कळत नाही. पाच महिने वेढा देऊन हात हलवत परत आला. औरंगजेब तोवर दख्खनमध्ये आणि सरहद्दीवर पडून, उन्हातान्हात सैन्य चालवायला शिकला होता. आत्म्याची ओळख पटवणारा सगळाच अभ्यास माणसांची पारख देतो, असे नाही.

सिर्र-ए-अकबर पुरे झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, सप्टेंबर १६५७ मध्ये, शहाजहान आजारी पडला आणि चारही भाऊ तलवारीला हात घालून उभे राहिले.

पुढचा रमजान आला तेव्हा दारा आग्र्याजवळ सामूगढच्या माळावर होता. २९ मे १६५८, रमजानची सातवी तारीख. उन्हाचा असा तडाखा, की चिलखतात शिजून माणसे मेली. लढाईच्या ऐन रंगात दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. हौदा रिकामा दिसताच सैन्याला वाटले, शहजादा गेला. पळापळ झाली. एका दुपारी तख्त हातचे गेले.

मग वर्षभर पाठलाग. लाहोर, मुलतान, सिंध, कच्छ, गुजरात. मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळ देवराईला पुन्हा पराभव. म्हणजे जिथे दुआ मागून तो जन्मला होता त्याच गावाच्या वेशीवर. तिथून इराणकडे जाण्यासाठी बोलनच्या घाटाची वाट. सोबत आजारी नादिरा. तिसरा रमजान लागला होता. त्या वैराण मुलखात नादिराने शेवटचा श्वास घेतला. आपल्याला हिंदुस्तानच्या मातीत दफन करावे, अशी तिची इच्छा होती. दाराने उरलेसुरले विश्वासू शिपाई तिच्या जनाज्याबरोबर लाहोरला पाठवले, मियाँ मीरांच्या दर्ग्याशेजारी तिला माती द्यायला. स्वतःच्या रक्षणासाठी मागे जवळजवळ कुणी ठेवले नाही. हिशेबी माणसाने असे केले नसते.

ज्याच्या घरी तो थांबला होता तो मलिक जीवन नावाचा सरदार. शहाजहानने त्याला हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा सुनावली होती, तेव्हा दारानेच रदबदली करून त्याचा जीव वाचवला होता. त्याच मलिक जीवनने रमजान संपत आला असताना, जून १६५९ मध्ये, त्याला पकडून औरंगजेबाच्या माणसांच्या हवाली केले.

ऑगस्टच्या शेवटी दाराला मळक्या हत्तीणीवर, उघड्या हौद्यात, धाकटा मुलगा सिपिहर शिकोह याच्यासह दिल्लीच्या रस्त्यांतून फिरवण्यात आले. बर्निये त्या गर्दीत उभा होता. बायका-पोरे धाय मोकलून रडत होती, असे त्याने लिहिले आहे. आणि एवढ्या रडणाऱ्यांत एकानेही तलवार उपसली नाही, हेही लिहिले आहे. वाटेत एका फकिराने हाक दिली, मालक होतास तेव्हा देत होतास, आज तुझ्याजवळ काय आहे? दाराने अंगावरची शाल काढून त्याच्याकडे टाकली.

त्याच्यावर ठेवलेला आरोप धर्म सोडल्याचा होता. बोटातल्या अंगठीवर नागरी अक्षरांत ‘प्रभू’ कोरलेले होते, हा त्यातला एक पुरावा. गादीचा दुसरा दावेदार जिवंत ठेवणे परवडत नाही, हे खरे कारण सगळ्यांना माहीत होते. शुजा आणि मुराद या दुसऱ्या दोन भावांवर असा आरोप नव्हता, आणि तेही वाचले नाहीत.

३० ऑगस्ट १६५९ च्या रात्री मारेकरी आत आले, तेव्हा बाप-लेक मसूर शिजवत बसले होते. विषाच्या भीतीने ते आपले अन्न आपल्या हातानेच रांधत. मुलाला त्याच्यापासून ओढून दुसऱ्या खोलीत नेण्यात आले.

दाराला दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यात दफन केले. तिथे मुघल घराण्यातल्या कितीतरी कबरी आहेत आणि बहुतेकांवर नाव नाही. त्यातली त्याची कोणती, हे शोधण्यासाठी २०२० मध्ये केंद्र सरकारने पुरातत्त्वज्ञांची समिती नेमली. औरंगजेबाने आपल्यासाठी जागा निवडली ती आपल्या खुलताबादेत, सूफी संत जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यात, उघड्या आभाळाखाली. सिर्र-ए-अकबरची एक प्रत फ्रान्सला पोचली, आंकतिल-द्युपेराँ याने तिचे लॅटिन केले, १८०१-०२ मध्ये ते छापले गेले आणि जर्मनीत शोपेनहॉवर ते उशाशी ठेवू लागला. नादिरा लाहोरात आहे, मियाँ मीरांच्या दर्ग्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे आजही दर गुरुवारी रात्री दिवे लागतात, जिक्रला लोक बसतात.